बुडबुडेरावांस अनावृत पत्र

मु. पो. तळघर,
मिलवॉकी, विस्कॉन्सिन

मायना काय लिहावा यातच माझी दहा मिनिटं गेली. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तू दोन डॉलरला मिळालेला प्लास्टिकचा तुकडा. ‘चिरंजीव’ लिहावं तर तू चिरंजीव व्हावंस असं मला मुळीच वाटत नाही. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिला तर पहिल्याच ओळीत खोटं बोलल्यासारखं होईल, आणि त्या खात्याचा कारभार आधीच तुझ्याकडे आहे. तेव्हा मायना वगळते. एअरलॉका, सरळ मुद्द्यावर येते.

वाचकांना तुझी ओळख करून द्यायला हवी. घरी बीअर करणाऱ्यांच्या बादलीच्या झाकणाला एक भोक असतं. भोकात रबरी बूच आणि बुचात तू. बेसिनखालच्या पाइपासारखा वाकडा, पारदर्शक, पोटात जेमतेम अडीच चमचे पाणी. आत यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो वायू तुझ्या पाण्यातून वाट काढत बाहेर पडतो आणि तू म्हणतोस, ‘बुडुक’. बाहेरची हवा आणि चिलटं मात्र आत जाऊ शकत नाहीत. एकमार्गी दार. म्हणजे नोकरी दारवानाची. ती तू चोख करतोस हे आधीच कबूल करून टाकते, नाहीतर बाई सूडबुद्धीने लिहिते आहे असं म्हणायला लोक मोकळे.

तक्रार एवढीच की दारवानानं साहेबांच्या तब्येतीची बुलेटिनं काढायला सुरुवात केली.

उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरी एअरलॉक नसणार. असता तर त्यानं पाण्याचं मापही सांगितलं असतं: अडीच चमचे.

मी मूळची कोल्हापूरकडची. बावीस वर्षं झाली मिलवॉकीला येऊन. हे गाव बीअरचंच. पाब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर ही सगळी जर्मन घराणी इथेच नावारूपाला आली. इथल्या बेसबॉल संघाचं नावसुद्धा ‘ब्रूअर्स’. या गावात राहून घरी एकदाही बीअर न करणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा न करण्यासारखंच. शिवाय कायद्याची आडकाठी नाही. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरच्यापुरती केलेली बीअर केंद्राच्या करातून सुटली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. आम्ही दोघं एवढी प्यायलो तर हे पत्र लिहायला कुणी उरणार नाही, पण मुभा आहे. (महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र हे पत्र करमणूक म्हणूनच वाचावं. तिकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा गुन्हा आहे. नंतर माझं नाव सांगू नका.)

तर तुझा पहिला गुन्हा. ऑक्टोबर महिना. जवाच्या माल्टचं काकवीसारखं सत्त्व पाण्यात उकळलं, हॉप्स घातले, गार केलं आणि ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर काढा बादलीत ओतला. वरून साडेअकरा ग्रॅमचं यीस्टचं पाकीट भुरभुरलं, झाकण दाबलं, तुला बसवलं आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तशी खुर्ची टाकून बसले.

बारा तास झाले. तू गप्प. अठरा तास झाले. गप्प. यीस्ट पाण्यात पडल्यापडल्या कामाला लागत नाही हे मला तेव्हा कुठे ठाऊक! आधी ते काढ्यात विरघळलेला ऑक्सिजन ओढून घेतं, आपल्या पेशींची आवरणं धडधाकट करतं, एकाचे दोन, दोनाचे चार होतं. यात अर्धा दिवस, एक दिवस, कधीकधी तीन दिवसही जातात. एवढा वेळ बाहेर काहीच दिसत नाही. आमच्याकडे थंडीत विरजण लागायला वेळ लागला तर आई पातेलं कणगीत ठेवून द्यायची आणि त्याच्याकडे ढुंकून बघायची नाही. मी त्याच आईची मुलगी. पण तिच्या पातेल्यावर तू नव्हतास. माझ्या बादलीवर होतास, त्यामुळे मी दर वीस मिनिटांनी जिना उतरत होते.

दुसऱ्या दिवशी आणखी एक पाकीट टाकलं. तिसऱ्या दिवशी बादली गदागदा हलवली. चौथ्या दिवशी तिला दुलई गुंडाळली. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, ‘‘झाकण उघडून बघ ना.’’ पण मी त्याच्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवला. सहाव्या दिवशी झाकण काढलं. वर फेस नाही, हालचाल नाही, नुसतं गढूळ पाणी. मेली, असं मी ठरवलं आणि १९ लिटर बेसिनमध्ये ओतून दिले.

रिकामी बादली घासताना आतल्या भिंतीवर, काढ्याच्या रेघेच्या वर, बोटभर रुंदीचं तपकिरी चिकट कडं दिसलं. तळाशी सायीच्या रंगाचा जाड गाळ होता. मी साबण लावून घासून काढलं आणि स्वतःशी म्हटलं, काय मेली घाण झाली आहे!

ती घाण नव्हती, तो जबाब होता. आठवड्यानं सामानाच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या पोरानं झाकण हातात घेऊन फिरवलं आणि कडेच्या रबरावर नख टेकवलं. एका जागी चीर. यीस्ट कामाला लागलं की वर दाट फेस चढतो. जर्मन लोक त्याला ‘क्रॉयझन’ म्हणतात. तो दोन-तीन दिवस राहतो, मग खाली बसतो, आणि जाताना भिंतीवर सही करून जातो. तळाचा गाळ म्हणजे पोटभर जेवून आडवं झालेलं यीस्ट. माझी पहिली बीअर जवळपास तयार होती. मी तिचा पंचनामा साबणानं धुतला.

नंतर हिशेब मांडून पाहिला. एवढी साधी बीअर आंबताना सगळा मिळून चारशे लिटरच्या आसपास वायू निघतो. तो सगळा माझ्या तळघरातून गेला आणि त्यातला एक बुडबुडा तुझ्या वाट्याला आला नाही. वायूला चिरेतून सोपी वाट मिळाली, त्यात त्याचा दोष नाही. पण तू तेवढं तरी सांगायचंस! ‘माझ्याकडे कुणी फिरकलं नाही, मागच्या दारानं गेले असतील, चौकशी करा.’ तू मात्र चेहरा असा ठेवलास की आत कुणी राहतच नाही.

दुसरा गुन्हा याहून मोठा, कारण त्या खेपेला तू बोललास.

जानेवारी. नवी बादली, नवं झाकण, रबर तपासून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून आवाज आला. बुडुक. बुडुक. बुडुकबुडुक. मी धावत खाली गेले आणि तुझ्यापुढे हात जोडायचेच बाकी ठेवले. मिनिटाला चाळीस! मी एक्सेलमध्ये तक्ता केला: तारीख, वेळ, मिनिटाला बुडबुडे. तुझा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. कोल्हापूरहून बहिणीनं ‘छान, काय आहे?’ असं विचारलं. नवऱ्याला रात्री झोपेत तुझा आवाज ऐकू यायला लागला. पाचव्या दिवशी तू मंदावलास. सातव्या दिवशी तू थांबलास. किटबरोबर आलेल्या चिठोऱ्यावर लिहिलेलं होतं की बुडबुडे थांबले की बाटल्या भराव्यात. हे चिठोरं तुझं सहआरोपी आहे, त्याच्यावर वेगळा खटला चालेल.

त्या आठवड्यात बाहेर उणे २० होतं आणि तळघर १३ अंशांवर आलं होतं. या जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. थंडी पडली तसं ते अर्ध्या ताटावरून उठलं आणि तळाशी जाऊन झोपलं. साखर शिल्लक होती. किती, ते आजही सांगता येत नाही, कारण मोजलीच नव्हती. तू थांबलास म्हणजे ‘जेवण झालं’ असं मी धरलं. खरं तर आत जेवणारे गारठले होते.

मी ४८ बाटल्या भरल्या. बाटलीत फेस यावा म्हणून रीतीप्रमाणे सगळ्या बीअरमध्ये मिळून १२० ग्रॅम साखर मिसळली, बुचं ठोकली आणि बाटल्या ऊब मिळावी म्हणून भट्टीशेजारच्या फळीवर ठेवल्या. उबेनं यीस्टला जाग आली. जाग आल्यावर त्याला काय दिसलं असेल, विचार कर: अर्धवट राहिलेलं ताट, वर १२० ग्रॅम गोडधोड, आणि दार बंद. तूसुद्धा नाहीस.

अकराव्या रात्री दोन वाजता ‘ठो’ झालं. अमेरिकेत रात्री दोनला ठो झालं की माणूस आधी कशाचा विचार करतो ते सांगायला नको. नवरा पलंगाखाली होता आणि त्याचं बोट ९११ च्या शेवटच्या एकावर होतं. मग आणखी एक. मग लागोपाठ तीन. मग जिन्यावरून हॉप्सचा वास आला आणि मी म्हटलं, ‘‘फोन ठेव. आपलंच आहे.’’

अकरा बाटल्या गेल्या. काचा छतात रुतल्या. गणपतीच्या मखराचं खोकं त्याच फळीखाली होतं. थर्माकोलच्या खांबात अजून एक हिरवी काच आहे, दरवर्षी दिसते. उरलेल्या ३७ बाटल्या मी भल्या पहाटे स्कीइंगचा चष्मा, हिवाळी कोट आणि ओव्हनचे हातमोजे घालून एकेक करून अंगणातल्या बर्फात नेल्या, तासभर गारठू दिल्या आणि फडक्याखाली धरून उघडल्या. बाजूच्या घरातल्या आजींनी खिडकीतून सगळं पाहिलं. त्या आजही मला आधी हात हलवत नाहीत.

हे कसं होतं त्याचं गणित अवघड नाही. बाटलीत आपण लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतो. जी बीअर १.०१२ ला थांबायला हवी ती १.०२४ लाच बाटलीत कोंबली, तर याच्या साधारण चौपट साखर आधीपासूनच आत असते. (हे आकडे काय आहेत ते पुढे येतंय.) काच तरी किती सोसणार.

इथे जरा वेगळं सांगते. बव्हेरियात १५१६ साली बीअरविषयी फर्मान निघालं: जव, हॉप्स आणि पाणी, याखेरीज काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नावच नाही. राबणारं यीस्ट, आणि यादीतून वगळलेलंही तेच. पुढे पाश्चरनं १८७६ मध्ये बीअरवर अख्खा ग्रंथ लिहिला, १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेननं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली, तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याला मानपान मिळाला. आणि माझ्या तळघरात? पुन्हा तेच. अब्जावधी पेशी अंधारात राबताहेत, आणि मी व्हिडिओ कुणाचा काढते, तर दारावरच्या पिपाणीवाल्याचा. लग्नात आचाऱ्याला कुणी विचारत नाही, बँडवाल्यावर नोटा ओवाळतात.

मे महिन्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. माळकरी. गावच्या दूध संस्थेत चौतीस वर्षं सचिव. तेव्हा तिसरी बादली लागलेली होती आणि ती लपवावी असा माझा बेत होता, पण आप्पांना तळघरात गावच्यासारखा गारवा लागतो म्हणून ते दुसऱ्याच दिवशी खाली जाऊन बसले. तुझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मला हाक मारली.

‘‘काय गं हे? बादलीला सलाईन लावलीस व्हय?’’

मी खरं सांगितलं. त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला, तिथे थोडा थांबला आणि खाली आला. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आंबवणं आलं. बरं. झालं का न्हाई ते कसं वळखतीस?’’

‘‘बुडबुडे थांबले की झालं.’’

आप्पा हसले. संस्थेत कुणी पातळ दूध आणून वर ‘म्हस आजारी हाय’ म्हणायचा तेव्हा हसायचे तसे. ‘‘फेस बघून दूध घेतलं असतं तर संस्था कवाच बुडाली असती. डिग्री घेतलीस का?’’

ज्यांनी दूध संस्थेची सकाळ पाहिलेली नाही त्यांना सांगते. दूध घालायला आलेला माणूस अनुभवी असेल तर किटली उंचावरून मापात रिकामी करतो. फेस येतो, माप काठोकाठ भरल्यासारखं दिसतं. फेस बसला की दूध दोन बोटं खाली. म्हणून सचिव फेसाकडे बघत नाही. तो काचेची लांब नळी घेतो, लॅक्टोमीटर, आणि दुधात सोडतो. दूध चोख असेल तर नळी वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर खाली जाते. नळीवरचा आकडा म्हणजे डिग्री. गाईचं बरं दूध २८-३० दाखवतं. त्यापुढे म्हशीचं आजारपण चालत नाही.

आणि तीच नळी, एअरलॉका, तुझ्याच किटमध्ये, तुझ्याच शेजारच्या कप्प्यात पडलेली होती. ऑक्टोबरपासून. कागदी पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, टेपसकट. हायड्रोमीटर. तो आवाज करत नाही म्हणून मी त्याला कधी बाहेर काढलंच नव्हतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यंत्र डोळ्यांआड ठेवणारी मी पहिली नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स बॅव्हरस्टॉक नावाचा तरुण ब्रूअर होता. बीअर करताना थर्मामीटर वापरायचं त्याच्या मनात होतं, पण बापाला असली नवी खुळं पसंत नव्हती, म्हणून तो ते चोरून वापरायचा. पुढे हायड्रोमीटरही त्यानं बीअरच्या कामाला लावला. १७८४ साली जॉन रिचर्डसननं साखर मोजायच्या नळीवर पुस्तकच छापलं आणि हळूहळू बीअरच्या धंद्यात अंदाजपंचे दाहोदरसे बंद झालं. बॅव्हरस्टॉकनं बापापासून यंत्र लपवलं. माझ्या बापानं, आयुष्यात बीअरचा थेंब न घेतलेल्या माणसानं, माझ्याच कपाटातलं यंत्र मला काढायला लावलं.

मग आम्ही दोघांनी डिग्री घेतली. आता हे सावकाश सांगते, कारण सगळ्या पत्रात उपयोगाचं एवढंच आहे.

बादलीच्या तोटीतून थोडी बीअर उंच काचेच्या नळकांड्यात घेतली. हायड्रोमीटर आत सोडला. आप्पांनी लगेच माझा हात धरला. ‘‘थांब. फिरव आधी.’’ नळीला आतल्या वायूचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि तिला वर उचलतात. आकडा खोटा येतो. म्हणून दोन बोटांत धरून गर्रकन फिरवायची, बुडबुडे झटकायचे, स्थिर झाली की डोळा पातळीला आणून वाचायचं. इथेही बुडबुडाच, बघ! तुमचं घराणंच तसलं दिसतं.

साध्या पाण्यात आकडा १.००० येतो. साखर विरघळली की पाणी जड होतं, नळी वर उचलली जाते. यीस्ट टाकायच्या आधी मी काढ्याचा आकडा घेतला असता तर तो साधारण १.०४८ आला असता. किटवर तसं छापलेलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला मला त्यावरच भागवावं लागलं. यीस्ट साखर खाऊन तिचा अल्कोहोल करतं, द्रव हलका होतो, नळी खाली जाते. ती १.००० पर्यंत जात नाही, कारण माल्टमधल्या काही साखरा यीस्टला पचतच नाहीत. १.०१२ च्या आसपास आली की पोट भरलं म्हणायचं. दोन आकड्यांतला फरक १३१ नं गुणला की अल्कोहोलची टक्केवारी निघते: साधारण ४.७. आणि एकाच आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. दोन-तीन दिवस सोडून पुन्हा घ्यायचा. आकडा हलला नाही तरच झालं. पहिला आकडा १.०२४ आणि तीन दिवसांनीही १.०२४ आला तर मात्र ते झालेलं नाही, अडलेलं आहे. बादली उबेत घ्यायची, तळाचा गाळ हलक्या हातानं ढवळायचा आणि वाट बघायची. हे मला जानेवारीत कळलं असतं तर मखर शाबूत राहिलं असतं.

मोजलेली बीअर बादलीत परत ओतायची नाही, प्यायची. कोमट, बिनफेसाची, पण तीच बोलते. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर यीस्टचं काम अजून उरलंय. तुपकट, लोण्यासारखी लागली तर एक-दोन दिवस दोन अंश जास्त ऊब द्यायची, यीस्ट स्वतः केलेला तो पसारा स्वतःच आवरतं. आप्पांनी चव घेतली नाही, अर्थात. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, ‘‘ताकाच्या वाटेवरचं दही वाटतंय.’’ त्या दिवशी आकडा १.०१९ होता. माणसानं आयुष्यभर आंबलेलं हुंगलेलं असलं की असं होतं.

बाकी खुणाही मी आता बघायला शिकले आहे. भिंतीवरचं कडं, तळाचा गाळ, बादलीच्या बाहेरून चिकटवलेली तापमानाची पट्टी. काम जोरात असतं तेव्हा आतला काढा तळघरापेक्षा तीन-चार अंशांनी गरम असतो, हात लावला तरी कळतं. यातल्या एकाही खुणेनं कधी आवाज केलेला नाही.

आता तुझा तिसरा गुन्हा, जो हे पत्र लिहिताना चालू आहे. आज दुपारी वादळ येतंय. तलावावरून ढग आलेत, हवेचा दाब उतरलाय, शिवाय तळघर सकाळपासून तापतंय. बीअरमध्ये विरघळून राहिलेला वायू दाब उतरला आणि ऊब वाढली की सुटायला लागतो, बादलीतली हवाही फुगते. आंबण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण तू? बुडुक. बुडुक. जणू आत लग्नघर आहे. आणि यीस्ट केव्हाच झोपलंय. त्या पहिल्या ऑक्टोबरात आत खरोखर लग्न होतं तेव्हा तू सुतक पाळत होतास. बादली गार केली की तू उलटा होतोस आणि बाहेरची हवा माझ्या बादलीत ओढून घेतोस. म्हणजे साक्ष फिरवायची, वर पुरावाही बाटवायचा.

तुझ्या बाजूनं एक गोष्ट बोलायला हवी. मी घड्याळ आहे असं तू कधीच म्हणाला नव्हतास. दारावर बसवलेल्याला मीच न्यायाधीश केलं, तुझ्या बुडबुड्यांचे तक्ते मीच केले, आणि हायड्रोमीटरच्या नळकांड्यावरची टेप मी सात महिने काढली नाही. पण या पत्राचा आरोपी तू आहेस. माझ्यावर कुणाला पत्र लिहायचं असेल तर नवरा तयारीतच बसलाय.

तुझी बदली करत नाही. चिलटं आहेत, हवा आहे, दारावर कुणीतरी लागतोच. पगार तोच: अडीच चमचे पाणी. फक्त यापुढे तुला विचारलं जाणार नाही. खाली खुर्ची होती ती वर आणली आहे, एक्सेलचा तक्ता पुसलाय, आणि तुझ्याशेजारच्या खिळ्यावर पेन्सिल बांधलेली वही लटकवली आहे. तिच्यात आप्पांच्या हातचे संस्थेतल्यासारखे दोन रकाने आखलेले आहेत: ‘तारीख’ आणि ‘डिग्री’.

मंगळवारी १.०१२. आज शुक्रवार, पुन्हा १.०१२. उद्या सकाळी बाटल्या भरतेय. तू खुशाल बुडबुडत बस.

कळावे.
तुझी नसलेली,
तळघराची मालकीण